दोन चाकांवरून महाबळेश्वरचें वन

भूगोलाच्या तासास पर्जन्यछायेचा पाठ आला म्हणजे फळ्यावर एक डोंगर काढावयाचा, त्याच्या एका अंगास ढग व दुसऱ्या अंगास ऊन दाखवावयाचें, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत तीन नांवें लिहावयाचीं : महाबळेश्वर, पांचगणी, वाई. महाबळेश्वरास वर्षाकाठीं सुमारें ६००० मिलिमीटर पाऊस. तेथून पूर्वेस अवघ्या १९-२० किलोमीटरांवर असलेल्या पांचगणीस त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. आणि घाट उतरून वाईस आलें कीं १००० मिलिमीटरांचीही वानवा. हा पाठ आम्हीं तीस वर्षें शिकविला, आणि वाईंत राहून शिकविला. एस्. टी.नें महाबळेश्वरास गेलों नाहीं असें एखादें वर्ष सांपडावयाचें नाहीं. तरीसुद्धां तो पाठ आम्हांस खरोखर उमजला तो गेल्या मार्गशीर्षांत, वयाच्या ६७ व्या वर्षीं, सायकलीवर बसून. आणि शिकविणारी होती आमची सतरा वर्षांची नात. घरोघर अशीं नातवंडें आहेत व घरोघर आमच्यासारखे आजोबाही आहेत, म्हणून ती हकीकत ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रसंग असा घडला. नात व तिच्या दोन मैत्रिणी ह्यांनीं सहामाही परीक्षा संपतांच एक बेत आंखला. पहिल्या दिवशीं वाईहून सायकलीनें पसरणीचा घाट चढून पांचगणी व महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशीं महाबळेश्वराहून रानांतील उतारानें तापोळा. तिसऱ्या दिवशीं लाँचीनें शिवसागर ओलांडून बामणोली, आणि तेथून कासच्या पठारावरून सातारा. अंतरें व मुक्काम मांडलेला कागद तिनें रात्रीच्या पंगतींत आमच्यापुढें ठेवला. आमच्या घरीं अद्याप दोघां भावांची चूल एक आहे. तेव्हां असा कागद एकट्यानें वाचतां येत नाहीं. आमचे वडील बंधु म्हणाले, "घाटांत सायकल घालणें म्हणजे पोर मोटारींच्या तोंडीं देणें आहे." तिघी मुलीच जाणार, हें वहिनींस खटकलें. आम्हीं शिक्षकाच्या संवयीनें "पाहूं" म्हणून कागदाची घडी घातली. आणि आमचें "पाहूं" म्हणजे "नाहीं", हें आमच्या घरांतील मांजरासही ठाऊक आहे.

रात्रीं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, नाहीं म्हणावयाचें असेल तर कारण सांगून म्हणा. मोटारींची भीति असेल तर मोटारी कमी असतील त्या वारीं पाठवा. सोबतीची काळजी असेल तर स्वतः बरोबर जा. पण मागल्या खेपेसारखें नुसतें नाहीं म्हणूं नका."

ही मागली खेप म्हणजे २६ वर्षांपूर्वींची. आमची मुलगी तेव्हां इयत्ता आठवींत होती. तिच्या वर्गांतील मुलांनीं एका रविवारीं सायकली घेऊन पांचगणीस जाण्याचें ठरविलें. मुलीस सायकल उत्तम येत असे. तिनें विचारलें, आणि आम्हीं "मुलींनीं घाट चढावयाचे नसतात, लोक काय म्हणतील" एवढें बोलून वर्तमानपत्र पुढें ओढलें. तिनें पुन्हां विचारलें नाहीं. त्याच वर्षीं तिच्याच वर्गास आम्हीं पर्जन्यछायेचा पाठ शिकविला. तिनें वहींत आकृति सुबक काढली आणि दहापैकीं दहा गुण मिळविले. ते गुण आम्हींच दिले होते. ही गोष्ट इतक्या वर्षांत घरांत कोणीं काढली नव्हती. पण कोणी विसरलेंही नव्हतें, हें त्या रात्रीं कळलें.

सकाळीं कागद पुन्हां उलगडला आणि चौथें नांव आमचें घातलें.

आतां मार्गाविषयीं. प्रथम यंत्र सांगितलें पाहिजे, कारण आमच्या पिढीच्या मनांत सायकल म्हणजे अद्याप ती काळी, उंच, जड सायकल असते, आणि तिच्यावरून घाट चढणें म्हणजे हमाली, अशी समजूत असते. जुन्या सायकलीस पुढें ४४ दांत्यांचें चक्र व मागें १८ दांत्यांचें असे. पायडलाचा एक फेरा झाला कीं मागलें चाक जवळजवळ अडीच फेरे फिरे, व सायकल सुमारें साडेपांच मीटर पुढें जाई. सपाटीवर ही सोय, चढावर हीच शिक्षा. हल्लींच्या गिअरच्या सायकलींत पुढलें लहान व मागलें मोठें चक्र सारख्या दांत्यांचें घेतां येतें. मग पायडलाच्या एका फेऱ्यास चाकाचाही एकच फेरा, म्हणजे दोन मीटरांहून थोडें अधिक अंतर. अंतर जितक्या पटीनें घटलें तितक्या पटीनें पायांवरील जोर कमी झाला. तरफेचाच नियम हा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७२० मीटर व पांचगणी सुमारें १२९० मीटर. सुमारें १२ किलोमीटरांत पावणेसहाशें मीटर चढावयाचे, म्हणजे शंभर मीटरांस पांच मीटरांहून किंचित् कमी. पुतण्याची गिअरची सायकल घरांत पडून होती. तिच्या जोरावर ताशीं सहा-सात किलोमीटरांनीं हा चढ आमच्यासारख्यासही साधला. दोन वळणांवर आम्ही उतरून सायकल ढकलली, हें प्रांजळपणें सांगतों. त्यांत लाज नाहीं. छाती धडधडत असतांना न उतरण्यांत मात्र मूर्खपणा आहे. साठीपुढील वाचकांनीं आधीं आपल्या डॉक्टरांस विचारावें व एक महिना सपाटीवर संवय करावी. आम्हीं दोन्ही केलें.

मंगळवारीं पहांटे उजाडतांच निघालों. वार मुद्दाम निवडला होता. शनिवार-रविवार, मे महिना, दिवाळीची सुट्टी व नाताळचा आठवडा ह्या काळांत ह्या घाटांत मोटारींची रांग लागते. तेव्हां वडील बंधूंचें म्हणणें अक्षरशः खरें असतें. आठवड्याच्या मधल्या दिवशीं, सकाळीं नवाच्या आंत, घाट पुष्कळसा मोकळा असतो. तरीही वरच्या एका वळणावर समोरून एक मोटार आमच्या बाजूस येऊन गेली. मुलींनीं ठरल्याप्रमाणें एकामागें एक, डाव्या कडेस, चमकत्या पट्ट्यांचीं जाकिटें व हेल्मेट घालून चाल ठेविली होती म्हणून नुसता काळजाचा ठोका चुकला. भीति निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. तिची वाजवी किंमत किती व तिच्या नांवावर आम्ही आकारीत होतों ती किती, एवढाच प्रश्न होता.

शाहीर साबळे ह्यांचें जन्मगांव पसरणी मागें पडलें तेव्हां दोन्ही अंगांस बोरी, बाभळी व वाळत चाललेलें गवत होतें. चढतां चढतां वारा बदलला. उंचीच्या दर हजार मीटरांस हवा सुमारें सहा अंशांनीं थंड होते, हें पुस्तकांतील वाक्य. घाटाच्या माथ्यावर घामेजल्या पाठीस तें साडेतीन अंशांचें अंतर आपलें आपण कळलें. सिडने पॉइंटपाशीं थांबून खालीं पाहिलें तों कृष्णेचें खोरें, धोमच्या धरणाचें पाणी व पलीकडे पांडवगड. मुलींनीं दशम्या, तिळाची चटणी व गूळ-शेंगदाणे काढले. त्या दशम्या वहिनींनीं पहांटे चाराला उठून केलेल्या होत्या, त्याअर्थीं विरोध कितपत उरला होता हें वाचकांनींच ठरवावें.

पांचगणीपुढें प्रथम सिल्व्हर ओकचीं परदेशी झाडें, मग दोन्ही हातांस स्ट्रॉबेरीचे मळे. खरें वन वेण्णा तलावाच्या आसपास मिटूं लागतें, आणि इथें पाठ पुरा झाला. सकाळच्या प्रहरीं बाभळीच्या रानांतून निघालेलों आम्ही दुपारीं सदाहरित झाडींत होतों. मध्यें अंतर होतें अवघें ३२ किलोमीटर. जांभूळ, हिरडा व अंजन हीं येथलीं मुख्य झाडें. जांभ्या दगडावरील मातीचा थर पातळ व वारा जोराचा, म्हणून झाडें फार उंच वाढत नाहींत. परंतु माथे एकमेकांत असे गुंततात कीं भर दुपारीं रस्त्यावर ऊन कवडशांनींच पडावें. खोडांवर शेवाळ, फांद्यांच्या बेचक्यांत नेचे व आमरीचीं झुडपें. पावसाळ्याची ओल त्यांनीं मार्गशीर्षापर्यंत जपून ठेविली होती. ज्या जंबूवृक्षाच्या नांवानें आपण प्रत्येक पूजेच्या संकल्पांत आपल्या द्वीपाचा उच्चार करतों, त्याच्या सावलींतून एवढा वेळ जाण्याचा योग आम्हांस पूर्वीं आला नव्हता. एस्. टी.नें हाच रस्ता भराभर सरतो, आणि खिडकीशेजारीं बसलों तर बहुधा डोळा लागतो. पायीं गेलों तर एका दिवसांत वाईपासून महाबळेश्वर गांठणें कठीण, म्हणून हा बदल एका दमांत दिसत नाहीं. सायकलीचा वेग नेमका असा कीं झाड ओळखण्यास पुरेसा मंद, आणि वाईचें रान डोळ्यांपुढून पुसलें जाण्यापूर्वीं महाबळेश्वरचें रान समोर यावें इतका जलद.

महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर केंद्र सरकारनें २००१ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्या रानांत आपण पाहुणे आहों ही जाणीव मुलांस द्यावी. वानरांस खाऊ घालूं नये, वेष्टनें परत आणावींत, आणि सायंकाळीं पांचानंतर रानांतील रस्त्यावर राहूं नये. गवे त्या वेळीं बाहेर पडतात, आणि गव्यास सायकलीची घंटा समजत नाहीं.

दुसरा दिवस उताराचा. महाबळेश्वर सुमारें १३७० मीटर उंचीवर, तर तापोळा शिवसागराच्या कांठीं, त्याहून सुमारें सातशें मीटर खालीं. अंतर सुमारें २७ किलोमीटर, रस्ता अरुंद, वर्दळ थोडी व सावली दाट. संबंध मार्गांत अत्यंत रमणीय भाग हाच, आणि सर्वांत जपण्याचाही हाच. चढावर मनुष्य थकतो. पडतो तो उतारावर. ब्रेक सतत दाबून धरला तर चाकाची कड तापते व पकड ढिली होते. म्हणून पुढचा व मागचा ब्रेक दाबून सोडीत जावें, वेग वळणाच्या आधीं कमी करावा, वळणांत नव्हे, आणि दर तीन-चार किलोमीटरांस थांबून हात व चाकें निववावींत. हें सर्व आम्हीं निघण्यापूर्वीं सांगितलें होतें. तरी ओल्या पानांच्या थरावर नातीचें मागलें चाक सरकलें व ती कुशीवर पडली. कोपर खरचटलें. आम्ही धांवत पोहोंचेपर्यंत ती उठून बसली होती व प्रथम सायकलीची साखळी पाहत होती. मैत्रिणींनीं पाणी ओतून जखम धुतली, पट्टी बांधली, व दहा मिनिटांनीं तिघी पुन्हां चालूं लागल्या. आमचे हात मात्र पुढें बराच वेळ कांपत होते. २६ वर्षें आम्ही ज्याला भीत होतों तें हेंच होतें, आणि तें दहा मिनिटांत आटोपलें होतें.

तापोळ्याच्या कांठीं रात्र काढली. येथें कोयनेस सोळशी मिळते. परंतु संगम आतां पाण्याखालीं आहे. कोयनेच्या धरणाचें काम १९५६ ते १९६४ ह्या काळांत झालें, आणि त्याच्या पाण्यानें सुमारें ५० किलोमीटर लांबीचें खोरें भरलें. महाराष्ट्राच्या घराघरांत वीज आली ती ह्या पाण्यावर. आणि ह्या खोऱ्यांतील गांवेंच्या गांवें उठलीं तींही ह्या पाण्यानेंच. विस्थापितांचे प्रश्न पुढें दशकानुदशकें रेंगाळले. मुली शांत जलाशयाचीं छायाचित्रें घेत होत्या. आम्हीं त्यांस सांगितलें कीं जेथें पाणी दिसत आहे तेथें कोणाचीं तरी शेतें व देवळें होतीं. छायाचित्रें त्यांनीं घेतलींच, पण थोड्या वेळानें नातीनें विचारलें, "आजोबा, ती माणसें गेलीं कुठें?" कांहीं कोंकणांत, कांहीं सोलापुराकडे, असें उत्तर दिलें. असा प्रश्न वर्गांत तीस वर्षांत कोणीं विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं. पण वर्गांत आम्हीं पाणी दाखविलेंच नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं लाँचीवर सायकली आडव्या घालून बामणोलीस उतरलों. लाँच आदल्या दिवशींच ठरवून ठेवावी व मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज तींत पाय ठेवूं नये. पलीकडच्या तीरावर वासोट्याच्या बाजूचें घनदाट रान दिसतें तें कोयना अभयारण्य. १९८५ सालीं तें घोषित झालें, व २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत आलें. तेथें सायकलीचें काम नाहीं. तें दुरूनच पाहावें.

बामणोलीहून कासचें पठार गांठण्यास पुन्हां सुमारें पांचशें मीटरांचा चढ आहे, व दोन दिवसांच्या श्रमानंतर तो पसरणीहून कठीण वाटतो. पाण्याच्या बाटल्या येथेंच भरून घ्याव्यात. पाण्यांत लिंबू, साखर व मीठ घालावें. कास २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसह जागतिक वारशाच्या यादींत आलें. त्याचीं प्रसिद्ध फुलें श्रावण-भाद्रपदांतलीं. त्या दिवसांत प्रवेशास मर्यादा असते व आगाऊ नोंदणी करावी लागते. मार्गशीर्षांत तेथें फुलें नव्हतीं, फक्त सोनेरी गवत व वारा. तेथून साताऱ्याकडे जाणारा रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो : एका हातास उरमोडीचें पाणी व सज्जनगड, दुसऱ्या हातास कण्हेरचें पाणी, म्हणजे वेण्णाच. कृष्णेच्या कांठाहून निघून, कोयनेचें खोरें पाहून, आम्ही वेण्णेच्या अंगास उतरत होतों. ह्या तिन्ही नद्या उगम पावतात त्या क्षेत्र महाबळेश्वरीं. लहानपणीं देवळांतील त्या धारा पाहून हात जोडले होते. त्या कोणकोणत्या वाटांनीं गेल्या हें मात्र आतां पायांस कळलें.

साताऱ्याहून वाईपर्यंतचा हमरस्ता सायकलीस योग्य नव्हे, म्हणून तेथून सायकली टेम्पोंत घालण्याचें ठरलें होतें. यवतेश्वराचा घाट उतरून खालीं येतों तों टेम्पोवाल्याशेजारीं वडील बंधु बसलेले. "सहज आलों" म्हणाले. नातीचें कोपर त्यांनीं पाहिलें, कांहीं बोलले नाहींत, आणि घरीं जाईपर्यंत तिच्याकडून गिअरचें गणित समजून घेत होते.

ह्या मार्गावर सर्वांनीं जावें असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, घरांतील मुलगा वा मुलगी असा कागद आपल्यापुढें ठेवील तेव्हां तो घडी घालून ठेवूं नये. वार, वेळ, यंत्र, ब्रेक व सोबत हीं एकेक तपासावींत. त्यांत उणें असेल तर तें भरून काढावें, आणि भरून निघण्यासारखें नसेल तर कारण सांगून नाहीं म्हणावें. कारणावांचून दिलेला नकार मूल मानतें, पण मग तें विचारीनासें होतें.

परत आल्यावर मुलीस नागपुरास दूरध्वनि करून सर्व हकीकत सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "नाना, घाटाच्या माथ्यावरून धोमचें पाणी दिसतें का हो? मुलें म्हणाली होती, दिसतें म्हणून."

दिसतें, असें आम्हीं सांगितलें. तुला तें तेव्हांच दाखवावयास हवें होतें, आमचें चुकलें, हें वाक्य मात्र तोंडून निघालें नाहीं. तें येथें लिहीत आहों. हा अंक तिच्याही घरीं जातो.